पानातले जीवनसत्त्व आणि बालकांचा कर्करोग



आठवड्यातून एकदा माध्यमिक शाळांच्या वर्गांत निळी गोळी वाटली जाते. शिक्षक ती मुलामुलींना आपल्यासमोर गिळावयास सांगतात आणि नोंदवहीत खूण करतात. या गोळीत दोन द्रव्ये असतात. त्यांपैकी लोहाची महती आता खेडोपाडी पोहोचली आहे; रक्त वाढावयास लोह हवे, हे घरातील वृद्ध स्त्रियाही सांगतात. दुसऱ्या द्रव्याचे नाव वेष्टनावर छापलेले असते, पण ते सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. ते द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड होय. हिरव्या पालेभाज्यांतून व कडधान्यांतून मिळणाऱ्या याच जातीच्या द्रव्यांना फोलेट म्हणतात आणि त्यांची गणना ब जीवनसत्त्वांच्या समूहात होते. गेल्या पाव शतकात या द्रव्यासंबंधी एक प्रश्न वैद्यक संशोधकांसमोर उभा आहे. आईच्या पोषणात फोलेट पुरेसे असले, तर तिच्या मुलाला बालपणीच्या कर्करोगापासून काही संरक्षण मिळते काय? या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. परंतु जे काही हाती आले आहे ते गोळी वाटणाऱ्यांना, घेणाऱ्यांना आणि त्यांवर देखरेख करणाऱ्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

या द्रव्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणास ठाऊक नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. कापड गिरण्यांच्या परिसरातील गरीब गर्भवती स्त्रियांना एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय जडत असे आणि त्यात अनेकींचा मृत्यू ओढवे. या रक्तक्षयातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, परंतु संख्येने अत्यल्प असत. जंतुसंसर्गाचे कारण शोधून पाहिले, ते सापडेना. तेव्हा विल्स यांनी या स्त्रियांच्या ताटाकडे लक्ष वळविले. त्या काय खातात, किती खातात, भाजीपाला व दूधदुभते त्यांच्या वाट्यास येते की नाही, याची पाहणी त्यांनी केली आणि तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. त्या आहाराने आजारी पडलेल्या एका माकडाला मार्माइट नावाचा, इंग्लंडात पावास लावून खाल्ला जाणारा यीस्टचा अर्क दिला असता ते सुधारले. पुढे तोच अर्क रुग्ण स्त्रियांना देण्यात आला आणि त्यांचे रक्त झपाट्याने भरून आले. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कात नेमके कोणते द्रव्य आहे हे ठाऊक नसल्यामुळे पुढे कित्येक वर्षे त्यास 'विल्स घटक' असेच म्हणत असत. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या गाळापासून बनविलेल्या स्वस्त पदार्थाने गिरणगावातील माता वाचल्या. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या थोड्या खर्चाची उदाहरणे फार नाहीत.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकाची पाने आटवून त्यांतून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून 'फॉलिक' हे नाव पडले. १९४५ पर्यंत लेडर्ले प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांनी ते कृत्रिम रीत्या तयारही केले. या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा तेव्हा आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

शरीरात फोलेटचे कार्य काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण कर्करोगाचा संबंध तेथेच येतो. पेशीचे विभाजन होते तेव्हा तिच्या केंद्रातील डीएनएची संपूर्ण प्रत काढावी लागते. या प्रतीसाठी जी चार अक्षरे लागतात, त्यांतील थायमिन हे अक्षर घडविण्यास फोलेट आवश्यक असते. फोलेट अपुरे पडले की थायमिनच्या जागी युरासिल हे भलतेच अक्षर बसते. खिळे जुळवून छपाई करण्याच्या काळात एखाद्या अक्षराचे खिळे संपले, तर जुळारी वेळ भागविण्यासाठी त्यासारखा दिसणारा दुसरा खिळा बसवीत असे, तसाच हा प्रकार होय. पेशी ते चुकीचे अक्षर काढून दुरुस्ती करू पाहते. पण अशा चुका फार झाल्या तर दुरुस्ती करता करता डीएनएचा धागाच तुटतो. तुटलेला धागा कधी भलत्या ठिकाणी जोडला जातो. रक्ताच्या कर्करोगातील पेशींत असेच भलतीकडे जोडलेले धागे वारंवार आढळतात. गर्भातील बालकाच्या पेशी विलक्षण वेगाने वाढत असल्यामुळे फोलेटची गरज तेथे सर्वाधिक असते.

याच गोष्टीची दुसरी बाजू १९४७-४८ मध्ये बोस्टन येथे दिसून आली. बाल रुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करीत होते. त्या काळी हा रोग म्हणजे काही आठवड्यांत अथवा महिन्यांत येणारा मृत्यूच होता. फॉलिक ॲसिड दिल्यास मुलांचे रक्त सुधारेल अशी प्रारंभी आशा होती. प्रत्यक्षात फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर रोग अधिकच भडकल्याचे फार्बर यांना दिसले. तेव्हा त्यांनी उलट विचार केला. वाढत्या पेशींना जर या द्रव्याची भूक असेल, तर त्याच्यासारखे दिसणारे, पण काम न करणारे बनावट द्रव्य देऊन त्या पेशी उपाशी का मारू नयेत? असे द्रव्य सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्याचे नाव ॲमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा अत्यवस्थ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांत स्पष्ट सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, हे खरे. परंतु या रोगाला औषधाने मागे हटविता येते, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट हे औषध आजही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात दिले जाते.

म्हणजे जे द्रव्य निरोगी पेशीची प्रत बिनचूक काढण्यास मदत करते, तेच रोगट पेशीलाही पोसते. फोलेटविषयीचा पुढील सारा वाद या एका गोष्टीभोवती फिरत आला आहे.

आईच्या आहाराकडे संशोधकांचे लक्ष वळण्यास आणखी एक कारण घडले. काही देशांत जन्मतःच बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो कागदावर जपून ठेवतात. पुढे ज्या मुलांना रक्ताचा कर्करोग झाला त्यांचे हे जुने कागद १९९७ मध्ये तपासले असता, काही मुलांच्या बाबतीत रोगाची खूण असलेला डीएनएचा बिघाड जन्माच्या दिवशीच अस्तित्वात असल्याचे आढळले. अर्थात पहिला बिघाड गर्भाशयात झाला होता. मग गर्भावस्थेतील पोषणाचा यात काही भाग असेल काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

२००१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातून एक आशादायक उत्तर आले. तेथे रक्ताचा कर्करोग झालेली ८३ मुले आणि निरोगी १६६ मुले यांच्या मातांना विचारणा केली गेली. गरोदरपणी लोह व फोलेटच्या गोळ्या घेतलेल्या मातांच्या मुलांत हा रोग सुमारे ६० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. या निष्कर्षाने जगभर मोठे कुतूहल निर्माण केले. परंतु मुलांची संख्या लहान होती. शिवाय कित्येक वर्षांपूर्वी कोणती गोळी किती दिवस घेतली हे आईला आठवून सांगावे लागत होते. ज्या आईचे मूल आजारी आहे ती आपल्या गतकाळाचा कण न् कण तपासते आणि ज्या आईचे मूल अंगणात खेळते आहे तिला इतके आठवत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. अशा पाहणीत आकडे फसवू शकतात. पुढे ऑस्ट्रेलियातच अधिक मोठी पाहणी झाली व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एवढे मोठे संरक्षण दिसले नाही.

२०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील बारा पाहण्या एकत्र करण्यात आल्या. त्यांत बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे सुमारे सात हजार रुग्ण होते. गरोदरपणात फॉलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत हा रोग सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांत हा फरक अधिक स्पष्ट होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जेथे ताटातच उणीव असते तेथे गोळीचा उपयोग अधिक व्हावा, यात नवल नाही. याउलट नॉर्वेत सुमारे ६ लाख ८७ हजार जन्मांच्या नोंदी वर्षानुवर्षे पाहिल्या गेल्या. तेथे मातेने गोळी घेतल्याची नोंद आधीच झालेली असल्यामुळे स्मरणशक्तीवर विसंबण्याचे कारण नव्हते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळी घेणे आणि बालपणीचा कर्करोग यांत कोणताच संबंध आढळला नाही.

पिठात फॉलिक ॲसिड मिसळण्याची सक्ती केलेल्या देशांचा अनुभवही असाच संमिश्र आहे. अमेरिकेत व कॅनडात १९९८ च्या सुमारास ही सक्ती आली. त्यानंतर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मज्जापेशींपासून उद्भवणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाचे प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे १.५७ वरून ०.६२ वर आले. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीचे प्रमाण घटल्याचे दिसले. रक्ताच्या कर्करोगात मात्र तशी घट तेथे दिसली नाही. उपलब्ध पुराव्याचे वजन करता असे म्हणावे लागते की, गर्भावस्थेतील फोलेटमुळे काही प्रकारच्या बालकर्करोगांपासून थोडे संरक्षण मिळत असण्याचा संभव आहे. तथापि ते सिद्ध झालेले नाही, आणि 'ही गोळी घ्या म्हणजे मुलास कर्करोग होणार नाही' असे सांगणे हे लोकांची फसवणूक केल्यासारखे होईल.

असे सांगण्यात आणखी एक धोका आहे. जगात दरवर्षी सुमारे चार लाख बालकांना व किशोरांना कर्करोग होतो आणि त्यांतील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कोणतेही निश्चित कारण सापडत नाही. गोळीचा असा प्रचार झाला तर ज्या घरात दुर्दैवाने हा रोग शिरला आहे, तेथे सासू, शेजारीण आणि प्रसंगी पतीही आईलाच विचारतील की, गोळ्या का खाल्ल्या नाहीस? या प्रश्नाला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही. गावातील जाणत्या मंडळींनी तो उच्चारू देऊ नये.

मग गोळीचे महत्त्व कमी होते काय? मुळीच नाही. तिचे दोन लाभ पूर्णपणे सिद्ध आहेत. पहिला लाभ विल्स यांनी मुंबईत दाखवून दिला तो, रक्तक्षयाचे निवारण. दुसरा लाभ बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा. सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्वी असे सदोष बालक जन्मलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले असता तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. येथे काळाची अडचण फार मोठी आहे. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते. स्त्रीला दिवस गेल्याचे कळून ती उपकेंद्रात नाव नोंदविते, तोवर ती मुदत टळून गेलेली असते. म्हणूनच गोळीची खरी वेळ ही विवाहित तरुणीने मूल हवे असे ठरविले तेव्हापासूनची आहे. जागतिक आरोग्य संघटना त्या काळापासून गर्भाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची शिफारस करते. शाळेतील मुलींना आठवड्याची निळी गोळी आणि गर्भिणीला रोजची लाल गोळी, अशी २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाची रचना आहे. या दोन रंगांच्या मधला काळ म्हणजे नवविवाहितेचा काळ होय, आणि नेमका तोच नजरेतून निसटतो. विवाहनोंदणीसाठी जोडपे ग्रामपंचायतीत येते तेव्हा त्यांस आशा कार्यकर्तीकडे जावयास सांगणे, एवढे काम सदस्यांना व ग्रामसेवकांना सहज करता येईल. त्यासाठी वेगळ्या ठरावाची किंवा निधीची आवश्यकता नाही.

ताटातील फोलेटचा विचारही येथेच केला पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज २२० मायक्रोग्रॅम आणि गर्भिणीस ५७० मायक्रोग्रॅम फोलेट हवे. मेथी, पालक, तांदळजा, चवळईचा पाला, हरभरा, मूग, मटकी, चवळी, शेंगदाणे यांतून ते मिळते. कडधान्यांस मोड आणल्यास ते वाढते, म्हणून मोडाची उसळ ही गरिबाच्या घरची उत्तम योजना होय. मात्र हे द्रव्य पाण्यात विरघळते व फार वेळ शिजविल्यास नष्ट होते. भाजी उकडून तिचे पाणी पिळून टाकण्याची सवय अनेक घरी आहे. त्या पाण्याबरोबर फोलेटही मोरीत जाते. पुरणाची डाळ शिजवून तिचा कट टाकून न देता त्याची आमटी करणाऱ्या आपल्या आजीबाईंनी हे रसायनशास्त्र न शिकताच साधले होते.

थोडे चांगले म्हणून पुष्कळ अधिक चांगले, असे मानणारेही असतात. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या देशांतून प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला पाहिजे. अपस्माराची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना पुष्कळदा फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा दिली जाते. अपस्मार असलेल्या मातांच्या सुमारे २७,८०० मुलांपैकी ५,९३४ मुलांच्या मातांनी सरासरी ४.३ मिलिग्रॅमची मात्रा घेतली होती. त्यांच्या मुलांत कर्करोगाचा धोका अपस्मार असलेल्या इतर मातांच्या मुलांहून सुमारे २.७ पट दिसला. प्रत्यक्ष रुग्ण अठराच होते आणि अपस्मार नसलेल्या मातांच्या मुलांत अशी वाढ आढळली नाही. त्यामुळे यावरून कोणी घाबरून आपले औषध बंद करू नये. ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. परंतु बाजारात फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि ती सरकारी गोळीतील ५०० मायक्रोग्रॅमच्या दहापट असते, हे औषध दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयातर्फे गर्भवती माता व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालला, त्यातूनही एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. तेथील मातांमध्ये फोलेटची उणीव जवळजवळ नव्हतीच. उणीव होती ती ब-१२ जीवनसत्त्वाची, आणि तीही दोनतृतीयांश मातांत. ब-१२ कमी आणि फोलेट अधिक अशा मातांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक आढळली. ब-१२ हे दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. शाकाहारी कुटुंबात गर्भिणीच्या वाट्याचे दूध चहात संपत असेल, तर नुसत्या गोळीने काम भागणार नाही.

आता शिक्षकांविषयी. निस्तेज मूल दिसले की रक्तक्षय समजून गोळ्या सुरू करण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, कारण बहुतेक वेळा तो रक्तक्षयच असतो. परंतु निस्तेजपणाबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणारा ताप, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखून लंगडणे, मानेत किंवा पोटात गाठ, यांपैकी काही असेल तर गोळीची वाट पाहत महिने घालवू नयेत. त्या मुलाची रक्ततपासणी त्याच आठवड्यात व्हावयास हवी. समृद्ध देशांत कर्करोग झालेली शंभरातील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे उशिरा येणे आणि उपचार मध्येच सोडणे या दोन गोष्टी त्यांच्या आड येतात.

तसेच वर्गात असे एखादे मूल असू शकते की, ज्याचा रक्ताचा कर्करोग आटोक्यात आला असून ते शाळेत परतले आहे. या उपचाराचा शेवटचा टप्पा दीर्घकाळ चालतो आणि त्यात मूल घरी राहून दर आठवड्याला मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या घेत असते. मेथोट्रेक्झेट फोलेटला अडविते आणि शाळेतील गोळी फोलेट पुरविते. हेतू चांगला असला तरी एक हात दुसऱ्या हाताचे काम बिघडवू शकतो. म्हणून अशा मुलाला त्याच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून शाळेतील गोळी किंवा कोणतेही टॉनिक देऊ नये. पालकांकडून तसे पत्र घेऊन ते गोळीवाटपाच्या नोंदवहीला टाचून ठेवावे. म्हणजे वर्गशिक्षक बदलले तरी नव्याने येणाऱ्या शिक्षकाला ते पहिल्याच दिवशी दिसेल.